शंकासुराची टोपी

चालू घड्याळ उघडायचं, बिघडवायचं आणि मग ते दुरुस्त केल्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घ्यायची, या एकाच कलेवर घड्याळवाल्या तात्यांनी आयुष्य काढलं. दुकान बंद झालं, पण हाताची खाज काही गेली नाही. अशा माणसाच्या हाती ताईने बिया सोपवल्या, म्हणजे धन्यच म्हणायची!

ताई ही तात्यांची थोरली बहीण. तिच्या फाटकाशी गुलाबी शंकासुराचं झुडूप होतं. इमारतीतल्या लोकांना गाड्या लावायला जागा हवी होती. त्यांनी ते मुळासकट उपटलं. हाती लागली फक्त एक वाळकी शेंग, तिच्यात चार बिया. "मला एवढं एक रोप करून दे," ती म्हणाली, "दुसरं काही नको."

शंकासुराची बी दगडासारखी. कडेला जरा घासायची, कोमट पाण्यात भिजवायची, मातीत टाकायची आणि गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं तात्यांना जन्मात जमलेलं नव्हतं. पहिली बी त्यांनी कानशीने इतकी घासली, की आतल्या गराचं पीठ झालं. दुसरीवर उकळतं पाणी ओतलं; ती शिजली. तिसरीला मोड आला का, हे बघायला ते तिला सकाळ-संध्याकाळ उकरायचे, भिंगातून न्याहाळायचे आणि परत पुरायचे. शेवटी ती बिचारी सडून सुटली.

"दर घटकेला पांघरूण ओढलं, तर माणसाला तरी झोप लागेल का?" तात्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी विचारलं. आणि चौथी बी त्यांनी स्वतःच पेरली. कुंडी फ्रिजमागे उबेला ठेवली आणि तात्यांना तिकडे फिरकायची बंदी घातली.

बी रुजली. बाकदार मान वर आली, हळूहळू ताठ झाली. पण डोक्यावर बीचं तपकिरी टरफल तसंच, आणि दोन्ही पानं त्यात कोंडलेली. कुंडी उजेडात आली आणि तात्या चिमटा घेऊन हजर!

"अगं, टोपी अडकलीय. गुदमरेल ते."

"पाणी शिंपडलंय मी. भिजली की आपली आपण पडेल."

"नुसतं एक टोक धरतो..."

"धरा ना! मग वन्संना फोनही तुम्हीच करा. सांगा, मुंडकं माझ्या चिमट्यात आहे, धड पाठवून देतो."

तात्यांनी चिमटा खाली ठेवला. दोन्ही हात मांडीखाली दाबून ते कुंडीसमोर बसले. बोटं वळवळत होती, कपाळावर घाम आला होता. अखेर असह्य होऊन ते उठले, भिंतीवरचं ठणठणीत घड्याळ उतरवलं आणि त्याची आतडी टेबलावर पसरली. टेबलाखाली स्क्रू शोधत ते रांगत होते, तेव्हा काकू ओरडल्या, "पडली हो!"

दोन हिरवी पानं मोकळी झाली होती. घड्याळ मात्र कायमचं गेलं.

तात्यांनी लगेच फोन लावला. "ताई, आलं तुझं रोप! टोपीसुद्धा पडली!"

"पडली, की तू ओढलीस?"

"हातसुद्धा लावला नाही मी."

"तू? आणि हात लावला नाहीस?"

"अगं, खरंच नाही लावला!"

"वहिनीला दे फोन," ताई म्हणाली.