परभणीहून आलेलं पत्र

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. तुमच्यापाशीही बोललो नसतो — पण परवा माझ्या धाकट्या बहिणीनं, कुसुमनं, मला नको तेवढं चांगलं ठरवलं.

आमच्या विद्यानगरच्या घरी कॉलनीतल्या मुली तिच्याकडे इंग्रजी शिकायला येतात. एकीनं विचारलं, इंग्रजीत माणसाला कापसात गुंडाळून ठेवणं म्हणजे काय? कुसुम हसून म्हणाली, "आमच्या दादानं मला जपलं ना, तसं!"

मी पेपरात तोंड खुपसलं. इंग्रज हे कौतुकानं म्हणत नाही हो. इतकं जपलं की माणसाला जगूच दिलं नाही, असं सुचवायचं असतं तेव्हा तो हा कापूस काढतो. आपण तळहातावरच्या फोडासारखं जपतो, ते वेगळं. आणि मी — मी काय केलं होतं?

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन काही महिने झाले होते. नारायणगुड्यात आम्ही दोघंच राहायचो, आईवडील नव्हते. त्याआधी वर्षभर, दंग्याधोप्याच्या दिवसांत, मी तिला एकटीला अफझलगंजपर्यंतही जाऊ दिलं नव्हतं. तेव्हा ते बरोबरच होतं. मग भीती सरली, आणि कुसुमनं शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता त्या परभणीच्या मुलींच्या शाळेतून पत्र आलं. सरकारी पत्र, म्हणजे उर्दूत. कुसुम मराठीतून शिकलेली. उर्दू फर्डी बोलायची, पण लिपी येत नव्हती. मी कचेरीत कारकून. घरातली असली पत्रं मीच वाचून दाखवायचो.

"काय लिहिलेत, दादा?"

तिला नोकरी दिली होती. राहायची सोयसुद्धा होती.

"जागा भरली म्हणतेत," मी म्हणालो. "परेशान होऊ नको."

दिवस वाईट आहेत म्हणून, अशी मी मनाची समजूत घातली. पण दिवस निवळले होते! मला भीती होती ती रिकाम्या घराची — आणि कचेरीतून आल्यावर गरम भाकरी कोण वाढणार, याची. इतकंच. लिहितानाही लाज वाटते.

ती दोन दिवस रडली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, मला उर्दू वाचायला शिकव. मी शिकवलं. भराभर शिकली.

आम्ही सुखात आहोत, हे खरं. संध्याकाळी चहा होतो, साखरेवरून भांडण होतं, ती मुलींच्या गमती सांगते आणि मी पोट धरून हसतो. तिनं कधी कुरकुर केली नाही. कशाची करणार? तिला ठाऊकच नाही.

पत्र मी फाडलं नव्हतं. ट्रंकेच्या तळाशी होतं, ते सकाळी काढलं. आज चहाच्या वेळी तिच्या हातात देणार आहे. वाचून दाखवायला आता मी लागणार नाही.