बकरीला जागा मानवत नाही म्हणून

"तुम्हाला ब्रुसेलोसिस आहे," बुलढाण्याचे डॉक्टर म्हणाले. मी ते नाव त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. मलेरिया, टायफॉइड, डेंगू ही सगळी आपल्या ओळखीची मंडळी, हा नवा पाहुणा कोण? डॉक्टर हसले नाहीत. हा जंतूंचा आजार आहे, त्यांनी समजावलं. गाई-म्हशी-बकऱ्यांमध्ये तो गाभ पाडतो. त्यांच्या वारेतून, रक्तातून आणि कच्च्या दुधातून माणसात येतो. औषधाने बरा होतो, पण गोळ्या अर्ध्यात सोडल्या तर परत येतो.

"गाभ पाडतो" एवढंच माझ्या कानात राहिलं. माझी मुलगी पल्लवी पहिल्या बाळंतपणासाठी माझ्याकडे आली होती. तिला सातवा महिना चालू होता, आणि रोज सकाळी ती आमच्या बकरीचं धारेचं, न तापवलेलं दूध पीत होती. अंगात ताकद येते म्हणून मीच पेला तिच्या हातात देत होते.

"माझ्या पोरीला होईल का?" मी विचारलं.

"उद्याच घेऊन या तिला," डॉक्टर म्हणाले.

मी उंद्रीची. ब्लाउज शिवते आणि बकऱ्या पाळते. आजार सुरू झाला तो कमरेपासून. मशीनवर बसलं की कंबर धरायची, उठताना भिंत धरावी लागायची. ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. मशीन सोड, म्हणाले सगळे. मग संध्याकाळी ताप यायला लागला. सकाळी मी ठणठणीत, दिवे लागायच्या वेळी अंगात कणकण, आणि पहाटे घामाने लुगडं पिळून काढावं असं. सकाळी दवाखान्यात जावं तर ताप नाही. दोन डॉक्टरांनी तर मला थकवा आहे म्हणून टॉनिक दिलं. मी ते इमानाने प्यायले. चवीला बरं होतं.

पुढे मलेरियाची तपासणी झाली, तो निघाला नाही. टायफॉइड "थोडा आहे" असं सांगितलं, त्याच्या गोळ्या घेतल्या, ताप तिथेच. छातीचा एक्स-रे झाला, टीबी नाही. वजन उतरलं आणि माझेच ब्लाउज मला उसवून आत घ्यावे लागले. शेवटी बुलढाण्याच्या या डॉक्टरांनी आतापर्यंत कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला, "घरी जनावरं आहेत का? एखादं गाभडलं होतं का?" मग त्यांनी ब्रुसेलाची रक्ततपासणी केली आणि ब्लड कल्चर लावलं. ब्लड कल्चर म्हणजे रक्तातले जंतू वाढवून पाहणं. त्याला वेळ लागतो, घाई करून चालत नाही.

तर जनावर गाभडलं होतं. आमची पांढरी बकरी. खरं तर ती माझी नव्हेच, माझ्या नणंदेची, पिंपळगाव राजाच्या सुमनताईंची. त्यांच्या कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, ती दोनदा गाभडली. आमच्याकडे अशा वेळी म्हणतात, बकरीला जागा मानवत नाही. मग ती नात्यातल्या कुणाच्या तरी कोठ्यात नेऊन बांधतात. ज्या बाईचा हात चांगला असं नाव असतं तिच्याकडे आधी. माझा हात चांगला म्हणून माझं नाव चिखली तालुक्यात नसलं तरी सासरच्या गोतावळ्यात आहे. तेव्हा पांढरी वाजतगाजत माझ्याकडे आली आणि माझ्याही कोठ्यात गाभडली. मी उघड्या हातांनी पिल्लू ओढलं, वार काढली, उकिरड्यावर टाकली, हात धुतले आणि मशीनवर बसले. बकऱ्या पाळणारी कोणतीही बाई हेच करते. हाताला सुया टोचलेल्या होत्याच, जंतूंना दार शोधावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पल्लवीला घेऊन गेले. दवाखान्याच्या बाकड्यावर ती शेंगदाण्याचा लाडू खात बसली होती आणि मी नखं.

"आई, तू काऊन एवढी घाबरून राह्यली? मले तर ताप बी नाही."

"खा तू," मी म्हटलं.

तिचा रिपोर्ट आला, तोही आजार दाखवणारा. मी रडले, तिथेच, सगळ्यांसमोर. डॉक्टरांनी मला रडू दिलं आणि मग सरळ शब्दांत सांगितलं, "धोका आहे, हे खरं. पण आपल्याला वेळेत कळलं आहे. तिला तुमच्या गोळ्या चालणार नाहीत, वेगळ्या देऊ. बाळावर लक्ष ठेवू. एकही गोळी चुकवायची नाही." त्या "वेळेत" शब्दावर मी पुढचे दिवस काढले.

माझा उपचार सहा आठवड्यांचा होता, दोन प्रकारच्या गोळ्या. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर आधीच सांगून ठेवते. एका गोळीने लघवी नारिंगी होते, घाबरू नका. दुसरीने मळमळतं, जेवून घ्या. आणि पंधरवड्यात ताप गेला की आपण बरे झालो असं वाटतं, तिथेच माणूस फसतो. आम्ही मायलेकी जेवणानंतर समोरासमोर बसून गोळ्या घ्यायचो. पल्लवीचे बाबा दारात उभे राहून पहारा करायचे. दूध उतू जाईपर्यंत उकळायचं कामही त्यांनी घेतलं आणि शेगडी रोज खराब केली.

जनावरांच्या डॉक्टरांनी बकऱ्यांचं रक्त नेलं. पांढरी आणि आणखी एक, दोघी आजारी निघाल्या. "विकू नका, कुणाला देऊ नका, वेगळ्या बांधा," ते म्हणाले. दोन दिवसांनी सुमनताईंचा फोन आला.

"शोभा, तुह्याकडं बी नाही मानवलं तिले. पाठवून दे मंग वरवट बकालले, ज्योतीच्या माहेरी. तिथं मानवन."

ज्योती ही त्यांची सून. तिचा गर्भ दोन वेळा पडला होता. या घरात तिला मानवत नाही, असं ठरवून तिला वरवटला माहेरी ठेवलं होतं. त्या वेळी मला त्यात काही खटकलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर फक्त बकरी होती.

"ताई, बकरी कुठंच जाणार नाही," मी म्हटलं. "ती जाईन तिथं आजार जाईन."

"मोठी डॉक्टरीण झाली तू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

पल्लवी दिवस भरल्यावर बाळंत झाली. मुलगी. पहिली किंकाळी इतकी खणखणीत होती की बाहेर बसलेल्या मला नर्सने येऊन सांगायची गरजच पडली नाही. बाळाचं रक्त तपासलं, त्यात काही निघालं नाही. त्या डॉक्टरांचे उपकार मी कसे फेडणार? त्यांना दोन पिशव्या शिवून दिल्या, तेवढंच जमलं.

बाळ थोडं मोठं झाल्यावर सुमनताई राग विसरून तिला पाहायला आल्या. त्याच आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीत काही संशोधक आले होते, माणसांचे डॉक्टर आणि जनावरांचे डॉक्टर एकत्र. या आजाराकडे फारसं कुणी लक्ष दिलेलं नाही, संशोधन करायचं आहे, पण सुरुवात कुठून करायची ते गावाला विचारून ठरवू, असं त्यांच्या मॅडमचं म्हणणं. आजारी पडलेली म्हणून मला बोलावणं होतं. सुमनताई सोबत आल्या.

सरपंच म्हणाले, आधी लस पाहा. एकजण म्हणाला, गावातच होईल अशी तपासणी शोधा. दोन्ही बरोबरच. माझी पाळी आली तेव्हा मी उभी राहिले. ब्लाउजचं माप सांगताना मी कधी अडखळत नाही, तिथेही अडखळले नाही.

"मॅडम, आधी बकरीच्या मागं जा," मी म्हटलं. "गाभडलेली बकरी आमच्याकडं एका जागी राहत नाही. पिंपळगावहून उंद्रीले आली, उंद्रीहून वरवटले चालली होती. लेकीबाळी जिथं दिल्या त्याच वाटेनं बकऱ्या जातात. ती वाट कुणी पाह्यली काय? मले ताप होता तेव्हा बकरीचं कुणी विचारलं नाही, आन बकरी गाभडली तेव्हा माह्या तापाचं कुणी विचारलं नाही. आन आजारी निघालेल्या बकरीचं बाईनं करायचं काय, हे बी शोधा. ते नाही सांगितलं तर खरं कोणी बोलणार नाही तुमच्यापाशी. आम्ही म्हणतो, तिले जागा मानवत नाही, आन देतो पाठवून."

मॅडम लिहून घेत होत्या. माझ्या शेजारी सुमनताई उठून उभ्या राहिल्या. चारचौघांत बोलायची त्यांना सवय नाही, पदर घट्ट धरला होता.

"माह्या सुनेचं दोन वेळा पडलं. बकऱ्यायचं तीच करत होती सारं. ते यानंच काय?"

मॅडमनी पेन खाली ठेवला.

"नक्की सांगता येणार नाही, मावशी. तेव्हा त्यांचं रक्त तपासलं नव्हतं. पण असं होऊ शकतं. गर्भ पडलेल्या बायकांची ही तपासणी आपण करतच नाही. म्हणून अशा किती जणी आहेत, कुणालाच माहीत नाही." मग त्या आपल्या सोबत्यांकडे वळल्या. "हा प्रश्न सगळ्यात वर घ्या."

आम्ही स्टँडवर आलो. मीही आजारातून उठून शहाणी झाले म्हणवत होते, पण बकरीला लावलेला न्याय आपण ज्योतीलाही लावला, हे मला त्यांच्या तोंडून ऐकेपर्यंत दिसलं नव्हतं.

खामगावची बस लागली, पिंपळगावला तिथूनच जावं लागतं.

"ताई, पिंपळगावले फोन करून देऊ काय, तुमी येऊन राह्यल्या म्हणून?"

"घरी नाही जात मी. वरवटले जाऊन राह्यली, ज्योतीले आणाले."

"तिचं रक्त तपासू आपण. बुलढाण्याले नेऊ."

"हाव, तपासू ना. काही बी निघो त्यात. पण आंधी तिच्या मायबापासमोर सांगतो तिले, का तुह्यात खोट नोती. आमचंच चुकलं."

त्या बसमध्ये चढल्या. मी घरी फोन लावला, आज पोळ्या तुमच्या तुम्ही करा म्हणून यांना सांगितलं, आणि त्यांच्या मागोमाग चढले.