सुतकातल्या दोघी

धाकटी जाऊ बाळंतपणात गेली, त्या दिवसापासून मी महादेवाशी बोलणं टाकलं होतं. तिची सुटका सुखरूप व्हावी म्हणून मी सोमवार धरले होते, तेही कडक, नुसत्या पाण्यावर. मला मूलबाळ नाही, त्यामुळे तिच्या पोटातल्या जिवाला मीच डोळ्यांत तेल घालून जपत होते. आणि त्याने काय केलं? लेकरू ठेवलं, आई नेली. भेटायला येणारे लोक देवाची मर्जी म्हणून उसासे टाकत आणि माझं डोकं फिरायचं.

पोरगीही हट्टी निघाली. वरचं दूध पाजावं तर ओकून टाकायची. पुढे पुढे तिचं रडणंच बंद झालं. घरातले पुरुष दहाव्याच्या धावपळीत होते. मी तिला पदरात गुंडाळलं आणि कळमनुरीच्या दवाखान्याला जायला डोंगरकडा गावाजवळच्या आमच्या फाट्यावर आले.

भर दुपार होती. फाट्याला लागूनच महादेवाचं देऊळ आहे. गाडीची वाट पाहणारे सगळे गारव्याला सभामंडपात जाऊन बसले. मला सुतक, पायरी चढता येईना. लिंबाच्या विरळ सावलीत बसले आणि मनात म्हटलं, बरंच झालं, मला तरी कुठं तुझं तोंड बघायचंय.

झाडाच्या पलीकडे आणखी एक तरुण बाई बसली होती. बाळंतिणीसारखे कान बांधलेले, पण मांडी रिकामी. तिला माहेरी न्यायला आलेली तिची आई आत देवळात होती. बराच वेळ ती माझ्या पदराकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तुमी आत काहून न्हाई गेल्या?"

"सुतक हाय. ह्या लेकराची माय गेली."

"मलाबी सुतकच हाय. लेकरू गेलं माझं." तिने हात पुढे केले. "द्या तिला इकडं."

पोरगीला ओढायचीही ताकद नव्हती. त्या बाईने दूध तिच्या ओठांवर थेंब थेंब पिळलं. मग कुठे घोट गिळल्याचा आवाज आला. आम्ही दोघीही रडत होतो. तेवढ्यात त्यांची नांदेडची गाडी आली. तिची आई पिशव्या घेऊन लगबगीने बाहेर आली आणि लेकीला पाहून थबकली. मला वाटलं, आता हिला उठवते.

"जाऊ दे गाडी," म्हातारी म्हणाली. "होऊ दे लेकराचं." आणि ती आमच्याजवळ येऊन बसली.

माझी गाडी आली तेव्हा त्या बाईने लेकरू परत दिलं, पण तिचे हात तसेच पुढे राहिले. घाईत मी तिचं नावगावही विचारलं नाही. दवाखान्यात पोरगीला ठेवून घेतलं, आणि ती वाचली. पोटात थोडं दूध गेलं होतं म्हणून निभावलं, असं डॉक्टर म्हणाले.

हा चमत्कार होता का, मला ठाऊक नाही. तसं म्हणावं तर त्या बाईच्या लेकराचं काय म्हणायचं? पण त्या दुपारी महादेवाने मला देवळाबाहेर एकटं सोडलं नाही, एवढं मी मानते आणि त्याचे उपकारही मानते. आता त्याच्याकडे काही मागत नाही. पदरात पडेल ते सांभाळते.

परवा पोरगी मला पहिल्यांदा आई म्हणाली. मी तिला पोटाशी धरलं आणि पोटभर रडले. त्या हाकेवर हक्क जावेचा, त्या बाईचा आणि माझा, आम्हा तिघींचा होता, आणि ऐकायला मी एकटीच होते.