बघायला आले आणि बार उडाला

आता काय सांगू तुम्हाला, बघण्याच्या कार्यक्रमात मुली लाजतात, फार तर अडखळतात. मी बार उडवला! हसू नका, खरंच.

बेळगावात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी काम करायची. निपाणीचं स्थळ आलं. मुलगा फोनवर बोलूनच मला आवडला होता, अगदी मनापासून. पण त्याची आई म्हणाली, "घरात कशाला? पोरगी काम करती तितंच बघूया की." झालं! मी साडी नेसून, वर एप्रन घालून तयार.

"काय करतीस गं हितं?" काकूंनी, म्हणजे मुलाच्या आईनं, विचारलं.

"जिवंत पेशींना करंट देते."

"आगं बाई! मरत न्हाईत?"

"न्हाई हो. क्षणभरच द्यायचा. पेशीला बारीक भोकं पडतात, त्यातनं आपण दिलेला डीएनए आत शिरतो, मग भोकं मिटतात."

"कान टोचून काडी न्हाई घातली की भोक बुजतंय, तसं म्हण की! दाव बघू."

मी ऐटीत नळी यंत्रात ठेवली, मुलाकडे हळूच बघितलं आणि बटण दाबलं.

फाट्!

काकू मटकन खाली बसल्या. दाराशी उभे असलेले मुलाचे वडील ओरडले, "करंट बसला! मेन बंद करा रं!" आणि स्वतःच जाऊन बंद केला. सगळा मजला अंधारात! वर घाबरून त्यांनी बेळगुंदीला माझ्या वडिलांना, अण्णांना, फोन लावला, "पोरगीला शॉक बसलाय, लगेच या!"

अण्णा निम्मं गाव टेम्पोत घालून हजर. आणि मी? ठणठणीत! स्थळ मात्र गेलं, या विचारानं मला रडूच यायला लागलं.

"खरं सांग, काय चुकलं?" काकू म्हणाल्या.

पेशी आधी धुवून त्यांच्याभोवतीचं मीठ काढायचं असतं, नाहीतर असा बार उडतो. धुवायच्या वेळी मी निऱ्या सारख्या करत होते!

"मीठ जास्त झालं," मी पुटपुटले.

मुलगा फिस्सकन हसला. मग काकूही. "एवढंच व्हय? निम्मं गाव आलंयच, तर सुपारी फोडूनच जाऊया!"

आता निपाणीत सुखानं नांदते आहे. फक्त पाहुणे आले की सासूबाई बजावतात, "आमची सून लई शिकल्याली हाय. काय बी करू द्या तिला, पर आमटीत मीठ घालू देऊ नका. लाईट जातीया!"