दोन सह्यांचं खातं

माझं झेरॉक्सचं दुकान आणि त्यांची लॉन्ड्री यांच्यात एकच भिंत आहे, तीही पातळ. त्यामुळे त्या नवराबायकोच्या संसारातलं मला नको तितकं ठाऊक आहे. शेठ बाहेर काउंटरवर आणि वहिनी आत इस्त्रीच्या टेबलापाशी, अशी धंद्याची वाटणी पहिल्या दिवसापासून. ‘शेठ’ हे नाव गल्लीनं चेष्टेनं पाडलेलं, पण त्याला ते मनापासून आवडायचं. बोलायला एकदम गोड माणूस. गिऱ्हाईक दारात दिसलं की नावानं हाक मारून शर्टाची घडी पुढे ठेवायचा. “वा, काय कडक इस्त्री!” असं कुणी म्हटलं की मान झुकवून कौतुक घ्यायचा. आत वहिनींना ते ऐकू जायचं, मलाही जायचं.

त्याची एक बढाई ठरलेली होती. “आमच्यात तुझं-माझं नाही. बँकेत खातं दोघांचं. दोन सह्या झाल्याशिवाय दमडी हलत नाही.” मला, शेजारच्या सुताराला, उधारीवर कपडे नेणाऱ्यालासुद्धा त्यानं हे ऐकवलं होतं. आणि खरंच होतं ते. पंचाईत एवढीच, की साबणवाला दारात उभा राहिला की वहिनींचे हात नेमके वाफेत असायचे. इस्त्री बाजूला ठेवा, घाम पुसा, बाहेर येऊन सही करा, तोवर टेबलावरचा शर्ट सुकून कडकडीत. मग तोडगा वहिनींनीच काढला. नवं चेकबुक आलं की सुट्टीच्या दिवशी हात स्वच्छ धुवून बसायच्या आणि शेवटच्या पानापर्यंत सह्या करून टाकायच्या. कोऱ्या चेकांवर.

“वहिनी, डोकं ठिकाणावर आहे ना?” मी एकदा विचारलं होतं.

“अहो ताई, नवरा आहे तो माझा, चोर नाही,” म्हणाल्या आणि हसल्या.

सही मात्र बघत राहावी अशी. पूर्ण नाव, एकेक अक्षर वळणदार, खाली एक सरळ रेघ. शाळेत अक्षरासाठी बक्षीस मिळालं होतं म्हणे. दिवसभर दुसऱ्यांच्या सुरकुत्या काढणाऱ्या बाईचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काहीतरी होतं, असं मला वाटायचं.

त्यांना एक मशीन हवं होतं. वाफेचं, पायानं दाबायचं. कपडा पसरायचा, पाय दाबायचा, वरची फळी खाली येते आणि इस्त्री होते. जड इस्त्री उचलायला नको. त्यांचं उजवं कोपर तेव्हाच कुरकुरायला लागलं होतं. संध्याकाळी माझ्याकडे चहा प्यायला आल्या की कप दोन्ही हातांनी धरायच्या. मशीनसाठी म्हणून पोटाला चिमटा काढून खात्यात पैसे टाकत होत्या, आणि शेठ म्हणायचा, “यंदा घेऊच.” दर वर्षी यंदा.

एक दिवस लॉन्ड्रीपुढे टेम्पो लागला. वहिनी लगबगीनं बाहेर आल्या. टेम्पोतून काच उतरली, दिव्यांची पाटी उतरली, काउंटरसाठी एसी उतरला. मशीन काही उतरलं नाही. दुपारी भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू आलं.

“अहो, मशीनचे पैसे होते ते! मला न विचारता?”

“न विचारता कसं? चेकवर सही तुझीच आहे.”

“ती साबणासाठी केली होती मी.”

“तसं लिहिलं होतंस का सहीखाली? आणि मी काय जुगारात उडवले? धंद्यातच घातले ना? गिऱ्हाईक काय आत येऊन बघतं का, कशानं इस्त्री करतेस ते? गिऱ्हाईक काउंटर बघतं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वाटलं, वहिनी आता काहीतरी फेकतील. पण थोड्या वेळानं इस्त्री टेबलावर आपटल्याचा रोजचा आवाज सुरू झाला, तेवढंच.

सगळ्यात वाईट म्हणजे त्याचं गणित बरोबर निघालं. चकाचक काच बघून गिऱ्हाईक वाढलं. गिऱ्हाईक वाढलं म्हणजे इस्त्री वाढली. एसीची हवा आत जाऊन वाया नको म्हणून शेठ मधलं दार लावून घ्यायचा.

व्हायचं ते झालंच. एकदा वहिनींच्या हातून इस्त्री सुटली ती एका गिऱ्हाइकाच्या कोटावर. डॉक्टरांनी हात गळ्यात अडकवून दिला आणि सांगितलं, इस्त्री कायमची बंद. बोटांत जोर येईल न येईल, सांगता येत नाही. शेठनं कोटाची भरपाई केली, डॉक्टरांची फी दिली, चार लोकांत हळहळला. मग त्यानं पगारावर दोन इस्त्रीवाले ठेवले. पहिल्याच संध्याकाळी त्यातला थोरला काउंटरपाशी आला.

“शेठ, ही इस्त्री आहे की दगड? हात जातील आमचे. प्रेस मशीन आणा, नाहीतर उद्यापासून आम्ही नाही.”

आठवड्याच्या आत मशीन ठरलं. कर्ज काढून. वहिनींनी इतकी वर्षं मागून जे मिळालं नाही, ते त्या माणसाला एका वाक्यात मिळालं. मला त्याचा राग नाही, शहाणा होता तो. पण वहिनींना ते सांगताना शेठचा आवाज जराही अडखळला नाही, हे मी या कानांनी ऐकलंय.

कर्जालाही दोन सह्या लागत होत्या. वहिनींनी केलेली सही अशी वाकडीतिकडी आली की बँकेनं कागद परत पाठवला. दोघांना बोलावणं आलं. वहिनी मला म्हणाल्या, “ताई, तुम्ही चला माझ्याबरोबर.”

बँकेतल्या साहेबांनी जुन्या सहीचा नमुना काढून शेजारी ठेवला. एका बाईच्या त्या दोन सह्या आहेत, हे कुणाला खरं वाटलं नसतं. साहेब म्हणाले, “डाव्या हातानं सराव करून नवी सही देता येईल. नाहीतर खातं एकट्या यांच्या नावावर करा, सोपं पडेल.”

“तेच बरं,” शेठ लगेच म्हणाला. “तिला कशाला उगाच त्रास?”

वहिनींनी विचारलं, “अंगठा चालतो का?”

“चालतो. पण मग चेकबुक मिळणार नाही. दर वेळी स्वतः यायचं, साक्षीदार आणायचा, पैसे कशासाठी ते आम्ही वाचून दाखवणार आणि आमच्यासमोर अंगठा लावायचा.”

“अगं, अंगठा?” शेठ खुर्चीतून अर्धा उठला. “अंगठेबहाद्दर आहेस का तू? लोक काय म्हणतील?”

“लोक काउंटर बघतात,” वहिनी म्हणाल्या. “माझा अंगठा कोण बघतंय?”

साहेबांनी कर्जाचा कागद पुढे ओढला. “मशीन कशासाठी घेताय?”

शेठचा काउंटरवरचा गोड आवाज आपोआप लागला. “हातानं इस्त्री करून माणसांचे हात जातात हो साहेब. शेवटी कामगार म्हणजे आपलीच माणसं.”

साहेबांची नजर वहिनींच्या गळ्यातल्या झोळीवर गेली. शेठ टेबलावरची पेनं सारखी करत बसला. मी साक्षीदार म्हणून सही केली, आणि माझ्या त्या धडधाकट हाताच्या सहीची मला लाज वाटली. वहिनींनी डावा अंगठा शाईच्या डबीत दाबला आणि जिथं पूर्वी नाव असायचं तिथं टेकवला.

अंगठा लावणाऱ्यांशी बोलायच्या सवयीनं साहेब सावकाश आणि मोठ्यानं म्हणाले, “बाई, मशीन घेताय. कामगारांचे हात जाऊ नयेत म्हणून. कळलं ना?”

“कळलं,” अंगठा पदराला पुसत वहिनी म्हणाल्या. “दर वेळी असंच मोठ्यानं सांगा, साहेब. ह्यांनाही ऐकू जाईल.”