पेवातली ज्वारी

सोनाळ्याच्या आमच्या शेतात पाइपलाइनसाठी नाली खोदताना जुनं पेव लागलं. धान्य साठवायचा तो जमिनीतला खोल खड्डा. तळाशी जळून कोळसा झालेल्या ज्वारीचा मूठभर गोळा होता. मोठ्या आईनं, म्हणजे माझ्या थोरल्या काकूनं, तो थेट देव्हाऱ्यात ठेवला. लक्ष्मीच ती. रोज हळदकुंकू, उदबत्ती, वर तुपाचं बोट.

मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत अशाच कोळशांचं वय मोजतो, त्यामुळे मला चैन पडेना. पण आमचं तेव्हाचं यंत्र मोठं खादाड. त्याला अख्खा गोळा जाळून द्यावा लागला असता. तसं सांगितल्यावर मोठी आई म्हणाली, "मंग मी पूजा कायची करू? तुह्या कागदाची?" तरी दर दिवाळीला तीच विचारायची, की हे दाणे कुणाचे, केव्हाचे. अलीकडे म्हणायची, मी आहे तोवर सांग.

नवं यंत्र येता येता मोठी आई फार थकली. ते आत घ्यायला आम्ही प्रयोगशाळेची भिंत पाडली, वीज नव्यानं ओढली. आणि त्याला एक दाणा पुरत होता! देवाची माफी मागून तिनं गोळ्याच्या पोटातला दाणा सुईनं सोडवून दिला.

माझ्या सहकारी बाईंनी तो हुंगला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. तूप पार आतपर्यंत मुरलं होतं. आम्ही वय काढतो ते कार्बनवरून, आणि आजच्या तुपात आजचा कार्बन. दाणा उगाच तरुण ठरला असता. बाईंनी त्याला औषधांच्या आंघोळी घातल्या. प्रत्येक आंघोळीत तो झिजत गेला, माझा जीव टांगणीला. शेवटी तिळाएवढं उरलं. जुन्या यंत्रानं त्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. नव्याला ते पुरलं. त्या बाईंचे आणि त्या यंत्राचे उपकार मी विसरणार नाही.

वय निघालं सहाशे वर्षांच्या आसपास. मी सोनाळ्याला जाऊन सांगितलं. मला वाटलं, मोठी आई हरखेल. तिनं गोळा देव्हाऱ्यातून उचलून तळहातावर घेतला.

"मी लक्ष्मी आली म्हनत होती," ती म्हणाली. "पन त्यायचं तर पेव जळालं नं. त्या साली काय खाल्लं असन त्यायनं?"

त्या दुपारी तिनं भाकरीचं पहिलं ताट पेवाच्या त्या धन्यांसाठी काढलं. मग मला वाढलं.