खिडकीचा दगड

नाशिकमधल्या एका फरशीच्या दुकानात ती बाई मला एकदाच भेटली. स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कट्ट्यासाठी मी दगड बघत होतो. घरातली कुठलीच वस्तू मी आजवर बायकोला विचारून घेतली नव्हती, हे मनाला फार टोचत होतं. म्हणून निदान हा दगड तरी तिला आवडावा, असं वाटत होतं. मी पांढरा चकचकीत संगमरवर निवडला.

शेजारी देवळ्याहून आलेली पन्नाशीची ती बाई तेलात कालवलेली हळद डबीत घेऊन हिंडत होती. प्रत्येक नमुन्यावर बोट ओढायची, जरा थांबून पुसायची आणि डाग राहिला की दुकानदाराकडे बघून मान हलवायची. तो बिचारा कपाळाला हात लावून हसत होता.

तिनं माझ्या संगमरवरावरही बोट ओढलं. पिवळा पट्टा काही जाईना.

"दादा, तुमच्या घरी हळद खात नाय का?"

"खातो की. पण बायकोला सरप्राइज द्यायचं होतं."

"अन् पुसणार कोन, तुम्ही? फोन लावा तिला."

मी स्पीकरवर फोन लावला आणि कट्ट्याला कुठला दगड घेऊ, असं विचारलं. बायको क्षणभरही थांबली नाही.

"काळा ग्रॅनाइट घ्या, पण पॉलिश नको, खरबरीत घ्या. सकाळी तिथं ऊन येतं, चकाकलं की डोळ्यांवर येतं."

ती बाई खळखळून हसली. "तिचं कवाच ठरलंय, दादा. तुमचंच इचारायचं ऱ्हायलं व्हतं!"

ओशाळून मीही हसलो. आमच्या त्या खिडकीत सकाळी ऊन येतं, हे मला त्या दुकानात कळलं.